बिडी म्हणजे सोडा

बेळगावात, इस्पितळाच्या तळमजल्यावर
आत्ती उभी आहे गार पत्र्याला छाती लावून.
हनुवटी वर, कोपरं पुढं,
निळा झगा उलटा घातलेला.
डोरलं काढून माझ्या मुठीत दिलंय,
अजून कोमट आहे.

काचेपलीकडची मुलगी म्हैसूरकडची असावी,
आमच्याकडचं कानडी एवढं गुळगुळीत नसतं.
'उसिरु तगोळ्ळी.'
आत्ती श्वास घेते, मावतो तेवढा.
'हिडिदुकोळ्ळी.'
धरते.
'बिडी.'

आत्ती श्वास सोडत नाही.
मान वळवून म्हणते,
'न्हाई गं बाई. जल्मात वडली न्हाई.'

फोटो हलला.
मी दारातनं ओरडते, आत्ती, बिडी म्हणजे सोडा.
कानडीत बिडी म्हणजे सोडा.
ती माझ्याकडं बघते,
एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं
असं.

बाकी सगळ्यांनी तेच विचारलेलं.
चिक्कोडीच्या डॉक्टरनं, इथल्या दोघांनी,
कागदावरच्या त्या एका रकान्यानं.
ओढता का? इल्ला.
तंबाखू खाता का? इल्ला.
मिसरी? एक डाव लावली, ओकले.
मग पेन थांबायचं.
मग सहा महिने टीबीच्या गोळ्या,
लघवी भगवी, वजन बत्तीस,
आणि डाग जिथल्या तिथं.

रकाना नव्हता त्याचं कोण लिहिणार?
अकोळहून निपाणी, पायी, अकराव्या वर्षापासनं.
वखारीचं दार उघडलं की पहिली शिंक
रस्त्यापर्यंत ऐकू यायची.
चाळणीखाली जर्दा, वर भुकटी,
भुकटीत उन्हाची एक तिरकी फळी
आणि तिच्या दोन्ही बाजूंना बायका,
नाकाला पदर, भुवया पिवळ्या.
शनिवारी मुकादम गुळाचा खडा द्यायचा.
गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते म्हणायचा.
कुठं खाली, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्हीबी इचारलं न्हाई, म्हणते आत्ती,
गूळ चांगला असायचा.

लहानपणी तिच्या कुशीत झोपले
की मला हलकी, गोडसर चक्कर यायची.
मला वाटायचं, माया.

ओढायचे ते मामा.
घरात, चुलीपाशी, दार लावून, पावसाळाभर.
आजही बाहेर चिंचेखाली बसलेत.
डॉक्टरांनी त्यांचीही छाती ऐकली,
वयाच्या मानानं बरी म्हणाले,
आणि बोट दाखवून, 'बीडी बिडी.'
मामांना हे फार आवडलं.
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते,
कानडीत बिडी सोडायची तरी
दोनदा नाव घ्यावं लागतं तिचं.
हसता हसता गप्प झाले,
आणि काडीपेटी खिशात ठेवली. तेवढंच.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला.
उजवीकडं, वर, मुठीएवढं.
मी कानडी शाळेत शिकलेली,
म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं.
एक शब्द मी मराठीत सांगितलाच नाही.
आत्तीनं आवाज फाटलेल्या गळ्यानं विचारलं,
'माझं नाव बरूबर लिवलंय का?'
लिहिलं होतं. आक्कुबाई गणपती पोवार.
वय त्रेपन्न, बाई.
धूम्रपान: इल्ला.

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
बोटांची नखं फुगलेली, घड्याळाच्या काचेसारखी,
त्या बोटांनी तिनं कागद दुमडला, अगदी बारीक,
जसा वखारीतला पगाराचा कागद दुमडायची.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच पत्रा, तोच झगा.
'हिडिदुकोळ्ळी. बिडी.'
या खेपेला तिनं सोडला.
हळू, शिट्टीसारखा, शेवटपर्यंत,
फोटो नीट आला.
मग डोरल्यासाठी हात पुढं करत
काचेपलीकडं बघून म्हणाली,
'धरलीच नव्हती, पोरी,
तरी सोडली बघ तुझ्यासाठनं.'
मुलीला मराठी येत नव्हतं.
तिनं पुढचं नाव पुकारलं.